जोत्याखालची गळती

परळ-लालबागच्या जुन्या चाळीत तळमजल्याच्या फरशीचा एखादा कोपरा उन्हाळ्यातही ओलसर लागू लागला, भिंतीच्या बुडाशी लोणा चढला आणि पाण्याच्या वेळेत सर्व तोट्या बंद असताही जलमापकाचा काटा फिरत राहिला, म्हणजे जोत्याखालचा नळ बहुधा गळतो आहे असे समजावे. 1860 साली विहार तलावाचे पाणी आलेल्या या मुंबई नगरीत पुरवठा आजही बहुतेक ठिकाणी ठरावीक तासांपुरताच असतो; पाणी ओसरून नळातील दाब नाहीसा झाला की ज्या छिद्रातून शुद्ध जल बाहेर झिरपत होते, त्याच छिद्रातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शोषले जाते, आणि हाच खरा धोका होय. कुशल कारागीर रात्रीच्या शांततेत लोखंडी कांब फरशीवर टेकवून, दुसरे टोक कानाशी धरून गळतीचा सूर हुडकतो. गंजलेल्या नळाचे एक भोक बुजवले तर लवकरच दुसरे उघडते. यास्तव काँक्रीट फोडण्यापेक्षा जुना नळ कायमचा बंद करून नवा भिंतीलगत जमिनीवरून नेणे मला श्रेयस्कर वाटते. त्यासाठी विभाग कार्यालयातील जलखात्याकडे लेखी अर्ज करून परवानाधारक प्लंबरच नेमावा, आणि काम पुरे होईतो पाणी उकळूनच प्यावे.