हुकूम नसलेला डाव: पोकरच्या लढती मोजायची युक्ती

मेंढीकोटात हुकूम बदामचा असेल, तर बदामची दुर्रीसुद्धा इस्पिकच्या एक्क्याला मारते. पोकरमध्ये मात्र हुकूम नसतो, चारही रंगांची किंमत सारखीच. आजचं गणित याच समानतेवर उभं आहे.

टेक्सस होल्डममध्ये प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात. ५२ पत्त्यांतून तुमचे दोन १,३२६ प्रकारे येतात, उरलेल्या ५० मधून समोरच्याचे दोन १,२२५ प्रकारे. गुणाकार करून निम्मे केले, कारण खेळाडूंची अदलाबदल केली तरी लढत तीच, की होतात ८,१२,१७५ लढती. प्रत्येक लढतीत मधले पाच पत्ते १७,१२,३०४ प्रकारे पडू शकतात. म्हणजे संगणकाने तपासायचे डाव झाले सुमारे १ लाख ३९ हजार कोटी!

आता चार रंगांची आपसात अदलाबदल २४ प्रकारे करता येते आणि त्याने जिंकण्याची शक्यता बदलत नाही. मग सरळ २४ ने भागायचं का? नाही. एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी घ्या. सहा गुणिले सहा, ३६ लढती. भागिले २४, उत्तर दीड! खरे प्रकार आहेत तीन: दोन्ही जोड्यांचे रंग तेच, एकच रंग सामाईक, किंवा एकही नाही. त्यांत लढती अनुक्रमे ६, २४ आणि ६. दोघांकडेही इस्पिक-बदाम असतील, तर इस्पिक आणि बदाम यांची अदलाबदल करूनही तीच लढत परत येते. म्हणून पहिल्या प्रकारात २४ नाहीत, सहाच.

हे तीन प्रकार एकत्र करूनही चालत नाही. मध्ये चार इस्पिक पडले आणि दोघांकडेही इस्पिक असेल, तर फ्लश दोघांचा, पण एक्का वरचढ. इस्पिक फक्त राजावाल्याकडे असेल, तर डाव त्याचा.

अशी काळजीपूर्वक मोजणी केली, की वेगळ्या लढती उरतात ४७,००८, आणि डाव सुमारे ८ हजार कोटी. काम सतरा पटींनी हलकं! मात्र सरासरी काढताना प्रत्येक प्रकाराचं वजन धरायलाच हवं. आपल्या उदाहरणात ते एकास चारास एक आहे. तिन्ही प्रकार सारखे धरले, तर उत्तर चुकेल, आणि त्या उत्तरावर लावलेले पैसेही चुकीच्या हिशोबाने लागतील.