दहा कोटींचा प्रश्न आणि पैठणीचं उत्तर

वाशीच्या एपीएमसीतलं भाजीपाला मार्केट १९९६ मध्ये भायखळ्याहून इथं आलं. त्याला चार वर्षं होत होती तेव्हा, ३ जुलै २००० रोजी, स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. रात्री नऊची वेळ. गाड्या लागायला अवकाश असायचा, त्यामुळे माथाडी, मापाडी, मेहताजी सगळेच चहाच्या टपरीवरच्या टीव्हीपुढे जमायचे. रोज लाखोंचा माल पाठीवरून वाहणाऱ्यांना बक्षिसाच्या एक कोटीचं अप्रूप होतंच. पण आरडाओरडा व्हायचा तो हजार-दोन हजारांच्या सोप्या प्रश्नांना, कारण त्यांचं उत्तर टपरीवर कुणाला तरी आधीच ठाऊक असायचं.

त्याच वर्षी झी टीव्हीने ‘सवाल दस करोड का’ आणला. बक्षीस थेट दहापट, सोबतीला अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. हिशेब साधा होता: एक कोटीला एवढे प्रेक्षक, तर दहा कोटींना किती? कार्यक्रम काही महिन्यांतच गुंडाळावा लागला.

बाजारात वावरणाऱ्याला यात नवल वाटू नये. हंगामातली हापूसची पहिली पेटी वाशीच्या फळ मार्केटला येते तेव्हा तिच्या भावाची बातमी होते, पूजा होते, फोटो निघतात. गिऱ्हाईक मात्र भाव उतरल्यावर, एप्रिल-मेमध्ये येतं.

पुढची वर्षं तर जणू ‘रक्कम वाढली की प्रेक्षक वाढतात का?’ या प्रश्नाचा प्रयोगच होता. २००५ मध्ये ‘करोडपती’चं बक्षीस दोन कोटी झालं, सूत्रसंचालक अमिताभ बच्चनच राहिले आणि कार्यक्रम चालला. २००७ मध्ये रक्कम तीच, पण खुर्चीत शाहरुख खान. बच्चन यांच्यासारखा जम बसला नाही. २०१० मध्ये सोनीवर बच्चन परतले आणि प्रेक्षकही परतले. नंतर पाच कोटी, सात कोटी झाले. माझ्या मते हे आकडे प्रेक्षकांपेक्षा जाहिरातदारांसाठी आणि पहिल्या दिवशीच्या मथळ्यांसाठी होते. शिवाय सात कोटी जाहीर करायला खर्च येत नाही. ते जिंकणारा क्वचितच निघतो.

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणाऱ्या या बाईंचं मानधन होतं महिना दीड हजार. घराघरांत बोललं गेलं ते या दीड हजारांबद्दल आणि खिचडीबद्दल. सात कोटी राहून गेले, ही हळहळ मी तरी ऐकली नाही.

मराठीत तर याहून सरळ पुरावा आहे. २००४ पासून आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’मध्ये दारोदार फिरले. बक्षीस काय, तर एक पैठणी. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत दिवेलागणीला ‘वहिनीं’चे उखाणे ऐकू यायचे, कारण उद्या बांदेकर भावोजी आपल्याही दारात येतील असं प्रत्येकीला वाटे. झी मराठीने २०२२ मध्ये त्याचंच ‘महा मिनिस्टर’ केलं आणि पैठणी अकरा लाखांची. लगेच वाद सुरू झाला: एवढी महाग साडी नेसायची कुठे, आणि महागाईत हे कशाला? पैठणी साधी होती तेव्हा बायका हे विचारत नव्हत्या. सासूला की सुनेला, एवढाच घरात प्रश्न असायचा.