मँगनीजच्या सहा रेषा

६० टेस्ला. मँगनीजच्या आयनात जोडीविना राहिलेले पाच इलेक्ट्रॉन आपल्याच अणुकेंद्रकावर जे चुंबकीय क्षेत्र लादतात, ते जवळजवळ एवढे भरते. इस्पितळात एमआरआयसाठी ज्या बोगद्यात आपल्याला झोपवतात, तिथले क्षेत्र बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते. म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींतून निघणाऱ्या या धातूच्या एकेका अणूत ३ टेस्लाच्या यंत्राच्या वीसपट क्षेत्र नांदू शकते.

भंडारा जिल्हा मँगनीजसाठी ओळखला जातो, तो टनांच्या हिशोबात. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, तिथले बॅटरीसाठी लागणारे डायऑक्साइड, नागपुरातले मॉईल या खाणकंपनीचे मुख्यालय, हे सगळे विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. त्याच मँगनीजने चुंबकीय अनुस्पंदनाच्या शास्त्राला केवढे दिले, हे मात्र भंडाऱ्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगितले जाते. मला ती मोठी उणीव वाटते.

निसर्गातले मँगनीज १०० टक्के एकाच प्रकारचे, ५५ वस्तुमानांकाचे आहे आणि त्याच्या केंद्रकाचा स्पिन, म्हणजे केंद्रकाला छोट्या चुंबकासारखे वागवणारा गुण, ५/२. लोखंडात स्पिन असलेली केंद्रके जेमतेम २ टक्के आणि कार्बनमध्ये १.१ टक्के. मँगनीजचे मात्र एकही केंद्रक स्पिनविना, म्हणजे मुके नाही.

तरी त्याचा आवाज फार बारीक. १ टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनची अनुस्पंदन कंप्रता सुमारे २८,००० मेगाहर्ट्झ, तर मँगनीजच्या केंद्रकाची १०.६. तफावत २,६०० पटींहून अधिक. म्हणून केंद्रकाचे म्हणणे इलेक्ट्रॉनच्या तोंडून ऐकायचे. नेहमीच्या इलेक्ट्रॉन अनुस्पंदन यंत्रात सूक्ष्मलहरींची कंप्रता ९.५ गिगाहर्ट्झच्या आसपास असते आणि इलेक्ट्रॉन साधारण ३४० मिलिटेस्लाला प्रतिसाद देतो. ५/२ स्पिनचे केंद्रक क्षेत्रात सहा प्रकारे उभे राहू शकते. प्रत्येक प्रकारात ते इलेक्ट्रॉनला जाणवणाऱ्या क्षेत्रात थोडी भर घालते किंवा थोडी घट करते. त्यामुळे जिथे एक रेषा यायची तिथे सहा येतात, एकमेकींपासून सुमारे ९ मिलिटेस्ला अंतरावर. पाच अंतरे मिळून ४५ मिलिटेस्ला. प्रत्यक्षात या आयनाच्या रेषा ३० असतात, पण स्फटिकाची पूड केली की त्यातल्या २४ दिशेनुसार विखरून पुसट होतात आणि मधल्या सहा ठळक उरतात.

सुरुवातीचा ६० चा आकडा याच ९ मिलिटेस्लातून निघतो. ९ ला २८ ने गुणले की सुमारे २५० मेगाहर्ट्झ. पाच इलेक्ट्रॉनांचा एकूण स्पिन ५/२, म्हणून त्याची अडीच पट, ६२५ ते ६३०. हे केंद्रकाच्या १०.६ ने भागा.

पण हे पाच इलेक्ट्रॉन केंद्रकाला स्पर्शच करत नाहीत. ते ३डी कक्षेत असतात आणि त्या कक्षेची घनता केंद्रकाच्या ठिकाणी शून्य असते. मग एवढे क्षेत्र येते कुठून? आतल्या एस कक्षांत इलेक्ट्रॉन जोडीने असतात, एक वर, एक खाली. बाहेरचे पाच सगळे एकाच दिशेला असल्याने जोडीतल्या दोघांशी ते सारखे वागत नाहीत. दोघांच्या घनता किंचित वेगळ्या होतात, आणि एस कक्षा तर केंद्रकापर्यंत पोचतेच. त्या किंचित फरकातून हे प्रचंड क्षेत्र उभे राहते. हायड्रोजनचा एकुलता इलेक्ट्रॉन थेट केंद्रकावर असतो आणि तिथे इलेक्ट्रॉन आणि केंद्रकातली हीच देवाणघेवाण १,४२० मेगाहर्ट्झची होते. नारायणगावजवळ खोडदची महादुर्बीण आकाशातला हायड्रोजन याच कंप्रतेवर टिपते.

डोंगरी बुजुर्गचा काळा दगड जसाच्या तसा यंत्रात ठेवला तर सहा रेषा दिसणार नाहीत. खनिजात मँगनीजचे अणू इतके दाटीने बसलेले असतात की शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रॉनांचे एकमेकांवरचे परिणाम केंद्रकाचा ठसा पुसून टाकतात. मँगनीज विरळ हवे. संगमरवरातल्या कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या जागी तुरळक मँगनीज शिरले की सहाही रेषा स्वच्छ उमटतात. खनिजाच्या या पट्ट्यातल्या सौसर समूहाच्या खडकांत संगमरवरही आहे.

देवाणघेवाण उलट दिशेनेही चालते: मँगनीजचे इलेक्ट्रॉन शेजारच्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांवर, म्हणजे प्रोटॉनांवर, परिणाम करतात. इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल प्रोटॉनच्या ६५८ पट. शिथिलीकरणात, म्हणजे विस्कटलेले स्पिन पुन्हा स्थिरावण्यात, त्याचा वर्ग मोजावा लागतो, म्हणजे ४ लाख ३३ हजार. शिवाय पाच इलेक्ट्रॉन असल्याने परिणाम एका इलेक्ट्रॉनच्या तुलनेत सुमारे बारापट. पाण्यात मँगनीजच्या आयनाभोवती सहा रेणू असतात. प्रत्येक रेणू जेमतेम ५० नॅनोसेकंद थांबतो आणि जागा सोडतो. एका सेकंदात सुमारे १२ कोटी रेणू एका आयनाला भेटून जातात, आणि त्यांच्यातल्या प्रोटॉनांचे स्पिन लवकर स्थिरावतात. शुद्ध पाण्यात याला सुमारे ३ सेकंद लागतात.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक इथे काचेच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा प्रसिद्ध केली. एमआरआयचा जन्म त्या प्रयोगातून झाला आणि २००३ चे नोबेलही त्याच कामाला मिळाले. एका नळीत शुद्ध पाणी होते. दुसऱ्या नळीत मँगनीज सल्फेट, लिटरला ०.१९ मिलिमोल. बॅटरीचे डायऑक्साइड विजेच्या साहाय्याने करतात तेव्हा खनिज गंधकाम्लात विरघळवून याच सल्फेटचा द्राव बनवतात. डोंगरी बुजुर्गलाही तसा कारखाना आहे. रेडिओलहरींची तीव्रता वाढवताच सावकाश स्थिरावणाऱ्या शुद्ध पाण्याची नळी प्रतिमेतून नाहीशी झाली, लवकर स्थिरावणारी मँगनीजची राहिली. त्या नळीत धातूचे प्रमाण होते लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम, पाण्याच्या जवळजवळ तीन लाख रेणूंमागे एक आयन.