दुखणें गेलें, धास्ती राहिली

कर्करोगाचा रोगी बरा होऊन घरीं परत येतो, तो दिवस त्या घराला सणासारखा वाटतो. शेवटचें इंजेक्शन टोचून झालेलें असतें, किरणोपचारांची शेवटची पाळी संपलेली असते, आणि "आतां तीन महिन्यांनीं दाखवायला या" असें सांगून डॉक्टरांनीं निरोप दिलेला असतो. देवापुढें नारळ फोडला जातो, शेजारीपाजारीं पेढे वाटले जातात, आणि घरांतील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु ज्याच्यासाठीं हें सारें चाललेलें असतें, तो कित्येकदां एका बाजूस गप्प बसून असतो. इतके दिवस आपल्या शरीरावर डॉक्टरांचा पहारा होता. आतां तो उठला. शत्रु पुन्हा आला तर तो कोणाला दिसणार, हा प्रश्न त्याच्या मनांत त्या दिवशीं प्रथमच उभा राहतो. घरच्यांच्या दृष्टीनें जेथें दुखणें संपतें, तेथें त्याच्या धास्तीला आरंभ होतो.

या धास्तीचा विचार पूर्वीं फारसा झाला नाहीं, याला कारण आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें अंत झाला, आणि पुढें टाटांच्या विश्वस्तनिधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहून तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. त्या काळीं रोगी जगेल कीं नाहीं, हाच मुख्य प्रश्न होता. तो जगल्यानंतर त्याच्या मनाचें काय, असें विचारण्याइतकी सवड वैद्यकाला नव्हती. कोल्हापुराहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनें मुंबई गांठावयाची, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत जागा मिळाली तर तेथें पथारी टाकावयाची, आणि सकाळीं परळच्या रांगेंत उभें राहावयाचें, हा या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबांचा अनुभव आहे. आतां कोल्हापुरांत आणि मिरजेंतहि कर्करोगावर उपचार होतात. रोग वेळेवर ओळखला गेला तर त्यांतून उठणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. बऱ्या झालेल्या बालकांची पुढें अनेक वर्षें काळजी घेण्यासाठीं टाटा रुग्णालयानें १९९१ मध्यें एक स्वतंत्र विभागच उघडला. अशा रीतीनें, कर्करोग होऊन गेल्यावर दहा-वीस वर्षें संसार करणाऱ्या माणसांचा एक नवाच वर्ग समाजांत निर्माण झाला आहे, आणि त्याच्याबरोबर हा नवा प्रश्नहि पुढें आला आहे.

ग्रीक लोकांत अशी एक कथा आहे कीं, डॅमोक्लिस नांवाच्या माणसाला राजानें आपल्या सिंहासनावर बसविलें, पुढें पक्वान्नें मांडलीं, आणि डोक्यावर घोड्याच्या एका केसानें तरवार टांगून ठेवली. पक्वान्नें समोर असूनहि त्याला घास गिळवेना. लहानपणीं कर्करोगांतून वांचलेल्या माणसांवरील आपल्या १९८१ मधील ग्रंथाला दोघां अमेरिकन अभ्यासकांनीं याच कथेवरून नांव दिलें. पुढें २०१६ मध्यें तज्ज्ञांनीं या भीतीची व्याख्या निश्चित केली : कर्करोग परत येईल किंवा वाढेल या शक्यतेविषयीं वाटणारी भीति, काळजी अथवा चिंता. २०२२ मध्यें ४६ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली, तेव्हां रोगांतून उठलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांत ही भीति निदान मध्यम प्रमाणांत आढळली, आणि पांचांतील सुमारें एकाच्या बाबतींत ती अतिशय तीव्र होती. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि वृद्धांपेक्षां तरुणांत ती अधिक दिसली. तेव्हां अशा माणसाला भित्रा म्हणून हिणविणें हा त्याच्यावर अन्याय आहे.

ही भीति कशी वाढते, हें समजण्यासाठीं राजारामपुरींतील एकादी गृहिणी डोळ्यांपुढें आणावी. दोन वर्षांपूर्वीं तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. तपासण्या चांगल्या आहेत. उन्हाळ्यांत दोन दिवस पापड लाटल्यावर तिचा खांदा दुखूं लागतो. पूर्वीं तिनें तेल चोळून तें दुखणें विसरून टाकलें असतें. आतां तिला वाटतें, रोग हाडांत उतरला. ती खांदा दाबून पाहते, तासाभरानें पुन्हा दाबते; दाबून दाबून तो अधिकच दुखतो, आणि तिचा संशय पक्का होतो. रात्रीं ती नवऱ्याला उठवून म्हणते, "अहो, इथें जरा हात लावून बघा." तो अर्धवट झोपेंत म्हणतो, "कांहीं नाहीं गं, झोप." डॉक्टर तपासून निर्वाळा देतात, तेव्हां चार दिवस बरे जातात. पांचव्या दिवशीं खोकला येतो, आणि सारें चक्र पहिल्यापासून सुरू होतें.

याच्या उलट पन्हाळ्याकडील एकादा शेतकरी घ्यावा. तंबाखूपायीं त्याला तोंडाचा कर्करोग झाला आणि उपचारांनीं तो बरा झाला. तो रोगाचें नांव काढीत नाहीं, कोणी काढलें तर उठून जातो, आणि तपासणीची तारीख आली कीं त्याला ऊस तोडणीची नड निघते. "बघाय गेलं की निघतंयच," असें त्याचें म्हणणें. तोंडाचा कर्करोग परत यावयाचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, आणि तेव्हां लौकर सांपडला तर पुष्कळदां आटोक्यांत आणतां येतो. त्याच मोलाच्या काळांत हा मनुष्य दवाखान्याकडे पाठ फिरवितो. एकीला भीति दहा वेळां डॉक्टरांकडे नेते. दुसऱ्याला ती एकदांहि जाऊं देत नाहीं.

दोघांच्याहि मनांत घडतें तें एकच. भीति ही मुळांत राखणीच्या कुत्र्यासारखी आहे. चोर आला असतां भुंकणें हें तिचें काम. परंतु एकदां घरांत चोरी झाल्यावर तें कुत्रें पानाच्या सळसळीवरहि भुंकूं लागतें, आणि मालकाची झोप उडते. शरीराकडे सतत कान लावून बसलें कीं, एरवीं ध्यानांतहि न येणारी प्रत्येक कळ मोठी वाटूं लागते. शंका येतांच तपासून घेतल्यानें जो दिलासा मिळतो तो थोडा वेळ टिकतो, आणि मनाला पुन्हा तपासण्याची संवय जडते. विचार मुद्दाम दाबावा, तर पडलेल्या दांताच्या खोबणीकडे जीभ जावी तसें मन तिकडेच वळतें. शिवाय कित्येकांची अशी एक समजूत असते कीं, आपण काळजी करीत आहों म्हणूनच सावध आहों. काळजी सोडली तर रोग बेसावधपणीं गांठील. वस्तुतः काळजीनें रोग अडत नाहीं, आणि काळजी सोडल्यानें तो येतहि नाहीं.

या समजुतींनाच हात घालणारे उपचार गेल्या सत्तर वर्षांत घडत आले. १९५५ मध्यें न्यूयॉर्कच्या आल्बर्ट एलिस यांनीं, आणि पुढें १९६० च्या दशकांत फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनीं असें दाखविलें कीं, प्रसंगापेक्षां प्रसंगाविषयींचे स्वतःचे विचार माणसाला अधिक छळतात, आणि ते विचार तपासून बदलतां येतात. मँचेस्टरच्या एड्रियन वेल्स यांनीं त्याहून एक पाऊल पुढें टाकून, काळजी करण्याविषयींच माणसाच्या ज्या कल्पना असतात त्यांकडे लक्ष वेधलें. या धाग्यांतून सिडनी येथील फिलिस बुटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खास कर्करोगांतून उठलेल्यांसाठीं एक उपचारक्रम बसविला. दहा आठवड्यांत पांच बैठकी, एवढाच त्याचा विस्तार. २२२ जणांवर त्याची परीक्षा घेण्यांत आली. एका गटाला हा उपचार आणि दुसऱ्या गटाला शरीर-मन सैल सोडण्याचे धडे देण्यांत आले. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें पहिल्या गटाची भीति अधिक उतरली, आणि सहा महिन्यांनींहि तो फरक टिकून होता.

या बैठकींत चालतें तें असें. प्रथम रोग्याला त्याच्या रोगापुरती नेमकी माहिती दिली जाते : कोणतें लक्षण खरोखर दाखविण्यासारखें, कोणतें नव्हे, आणि तपासणी किती दिवसांनीं. त्याप्रमाणें वागण्याचा तो जणूं स्वतःशीं करार करतो. त्याहून अधिक तपासावयाचें नाहीं आणि कमीहि करावयाचें नाहीं. दुसरा भाग लक्ष वळविण्याच्या व्यायामाचा. समजा, तो रंकाळ्याच्या कांठीं बसला आहे. त्यानें डोळे उघडे ठेवून एकदां पाण्याचा आवाज, एकदां भेळवाल्याची हांक, एकदां दूरच्या मोटारीचा आवाज असें एकेक ऐकावें, मग भराभर एकावरून दुसऱ्यावर जावें, आणि शेवटीं सारे आवाज एकदम ऐकावे. रोज थोडा वेळ असें केल्यानें, लक्ष कोठें ठेवावें हें आपल्या हातीं आहे, याचा प्रत्यय येतो. तिसरी गोष्ट, काळजीला वेळ नेमून देणें. सकाळीं विचार आला तर "सायंकाळीं सहा वाजतां पाहूं" म्हणून हातांतलें काम चालू ठेवावें, आणि सहा वाजतां पंधरा मिनिटें हवी तेवढी काळजी करावी. पुष्कळदां त्या वेळेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. चवथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : आपल्या आयुष्यांत मोलाचें काय आहे, हें ठरवून भीति असतांहि तें करूं लागणें. नातीला शाळेंत पोंचविणें, भजनी मंडळांत जाणें, शेतांत नवी लागण करणें, जें ज्याला प्रिय असेल तें त्यानें भीति संपण्याची वाट न पाहतां सुरू करावें.

हाँगकाँग येथील संशोधकांनीं हा उपचारक्रम चिनी रोग्यांसाठीं जुळवून घेऊन त्याची परीक्षा घेतली. आपल्याकडील वाचकाला त्यांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. चिनी कुटुंबांतहि अशुभ गोष्ट तोंडावाटे काढूं नये, निदान रोग्यापासून लपवावें, आणि आपला भार घरच्यांवर पडूं नये म्हणून रोग्यानें मुकाट्यानें सोसावें, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. मराठी घराला यांतलें कांहींच परकें नाहीं. आपल्याकडेहि "कॅन्सर म्हणजे कॅन्सल" असें सहज बोललें जातें, आणि मुलीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून आईचें दुखणें झांकून ठेवलें जातें. कोठें कोठें तर रोग्याचें ताट-पेलें वेगळें करतात. वास्तविक कर्करोग स्पर्शानें अगर उष्ट्यानें लागत नाहीं. मराठींत या विचाराची पूर्वतयारी मात्र चांगली झालेली आहे. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धति कि. मो. फडके यांनीं आपल्या ग्रंथांतून मराठी वाचकांच्या घरांत पोंचविली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० मध्यें ठाण्यास स्थापन केलेल्या मानसिक आरोग्यसंस्थेंत तिचा पाया धरूनच काम झालें.

उपचार तज्ज्ञांनीं करावयाचा खरा, पण घरच्यांच्या हातींहि थोडें थोडकें नाहीं. रोग्यानें भीति बोलून दाखविली कीं मुलगा म्हणतो, "आई, तुला कांहीं होणार नाहीं." हेतु मायेचा असतो, परंतु त्या एका वाक्यानें बोलणें संपतें, आणि आई तीच भीति घेऊन पुन्हा एकटी बसते. त्याऐवजीं "तुला नेमकें काय वाटतें, सांग बरें," एवढें म्हणून पंधरा मिनिटें मधें न बोलतां ऐकावें. तपासणीच्या आधींचा आठवडा सर्वांत कठीण असतो. त्या दिवसांत कोणी तरी सोबत असावें, आणि दवाखान्यांत बरोबर जावें. अंबाबाईला नवस बोलावा, जोतिबाला चालत जावें. श्रद्धेनें मनाला बळ येतें. फक्त तपासणीची तारीख चुकवूं नये. नवी गांठ, रक्तस्राव, तोंडांत न भरणारा व्रण, कारणाशिवाय घटणारें वजन, किंवा दोन आठवड्यांहून अधिक टिकणारें आणि वाढत जाणारें दुखणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास तारखेचीहि वाट पाहूं नये.

झोप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, कामांतून लक्ष उडालें, आणि असे कित्येक आठवडे गेले, तर मानसोपचार घेण्यास संकोच करूं नये. कोल्हापुरांत छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत त्याची सोय आहे. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणें अवघड, त्यांच्यासाठीं केंद्र शासनानें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेली 'टेलि मानस' ही दूरध्वनि-सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, आणि तेंहि मराठींतून. जीव नकोसा वाटूं लागला तर त्याच क्षणीं हा आधार घ्यावा. याखेरीज, ज्यानें हा रोग भोगला त्याचा शब्द रोग्याला जितका पटतो तितका दुसऱ्या कोणाचा पटत नाहीं. स्वतः या रोगांतून उठलेल्या वंदना गुप्ता यांनीं १९९४ मध्यें मुंबईस 'व्ही केअर' ही संस्था याच अनुभवावर उभारली. कोल्हापुरांतील प्रत्येक पेठेंत असे बरे झालेले लोक आहेत. त्यांनीं आपलें दुखणें लपवून न ठेवतां नव्या रोग्याशीं मोकळेपणानें दोन शब्द बोलावे, याला ना पैसा लागतो ना पदवी.

रोग कधींच परत येणार नाहीं, असें वचन कोणताहि प्रामाणिक डॉक्टर देत नाहीं, आणि मानसोपचारहि देत नाहीं. जें भय खरें आहे त्याला खोटें ठरविणें हें या उपचाराचें काम नव्हे. येणाऱ्या तपासणीपर्यंतचे तीन महिने त्या भयाच्या हवालीं करावे कीं आपल्या माणसांच्या, एवढी निवड तो रोग्याच्या हातीं परत देतो. राजारामपुरींतील ती गृहिणी पुढील उन्हाळ्यांतहि पापड लाटील, तिचा खांदाहि दुखेल, आणि मनांत शंकाहि येईल. त्या वेळीं तिनें खांद्याला तेल चोळावें, दुखणें दोन आठवडे टिकलें तर डॉक्टरांकडे जावें, आणि तोंवर पापड उन्हांत घालून यावें, इतकें साधलें तरी या उपचाराचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.