कुर्बानीच्या कातड्याचा पुढचा प्रवास

बकरी ईदला कुर्बानी झाली की कातडे मदरशाला देऊन आपण मोकळे होतो. पुढे ते व्यापाऱ्यामार्फत टॅनरीत, म्हणजे चामडे कमावण्याच्या कारखान्यात जाते. तिथून बूट-पाकिटांच्या कारखान्यात आणि कधी परदेशातल्या दुकानातही. या साखळीतली एक कडी अस्वच्छ असली की सगळ्यांचाच धंदा अडतो. तमिळनाडूतल्या अंबूर-वाणियंबाडीच्या टॅनऱ्यांनी हे अनुभवले आहे. त्यांतल्या अनेक पिढ्यानपिढ्या मुस्लिम कुटुंबांच्या आहेत.

कातड्याला बुरशी लागू नये म्हणून पूर्वी पेंटाक्लोरोफेनॉल वापरत. १९८९ साली जर्मनीने त्यावर बंदी घातली. १९९४ मध्ये कर्करोगाचा धोका असलेल्या काही ॲझो रंगांची पाळी आली. रंग टॅनरीवाला बनवत नाही, विकत घेतो. पण माल नाकारला गेला तर नुकसान त्याचेच. मग त्याने रंगवाल्याकडे सुरक्षित रंग मागितला. या बंदीचा परिणाम पुढे अभ्यासकांनी तपासला. भारतातल्या रंग बनवणाऱ्या कंपन्यांचा संशोधन आणि नव्या तंत्रावरचा खर्च ११ ते ६१ टक्क्यांनी वाढला होता. कंपनी जितकी मोठी, तितका हा खर्च जास्त. चामडे आणि कापड कंपन्यांचा असा खर्च मात्र घटला होता. म्हणजे स्वच्छतेच्या मागणीतून सगळ्यांची प्रगती सारखी होत नाही.

घरच्या नदीचा हिशेबही चुकला नाही. पालार नदीच्या प्रदूषणाबद्दल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक टॅनरीला १० हजार रुपये दंड केला. सांडपाणी शुद्ध करण्याची सोय केल्याशिवाय कारखाना चालवणे अशक्य झाले. एकट्या छोट्या कारखानदाराला हा खर्च झेपत नाही, म्हणून अनेकांनी मिळून सामायिक केंद्रे चालवली. पाण्यात वाहून जाणारे क्रोमियम परत मिळवून वापरले तर नदीवरचा भार हलका होतो आणि रसायनाचे पैसेही वाचतात.

या साखळीची पहिली कडी आपल्या अंगणात आहे. सुरीचा चुकीचा घाव बसला किंवा मीठ लावायला उशीर झाला तर कातड्याचा भाव पडतो आणि मदरशाच्या हाती कमी पैसे येतात. मीठ वारेमाप लावले तर तेच टॅनरीच्या पाण्यात उतरते आणि ते काढणे महागात पडते. यंदा कसायाला हात जपून चालवायला सांगा, मीठ वेळेवर आणि बेताने लावा. कातडे त्याच दिवशी पोहोचते करा.