फोटो बोलतो, पण नावे सांगत नाही

आजीची जुनी पेटी उघडा. पत्रिका, पावत्या आणि लुगड्यांच्या तळाशी एखादा पिवळट कृष्णधवल फोटो सापडेल. तो पिवळा का बरे पडला?

अशा फोटोतला काळा भाग म्हणजे शाई नव्हे. ते जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण असतात. फोटो तयार करताना तो शेवटी 'हायपो'च्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात बुडवतात व मग पाण्याने धुतात. धुणे अपुरे झाले, तर उरलेला हायपो चांदीचे हळूहळू सल्फाइड करतो आणि काळा रंग पिवळट-तपकिरी होतो. दमट हवेत जिलेटिनवर बुरशी वाढते. ओल लागली तर फोटो चौकटीच्या काचेला चिकटतो.

आता फोटो उलटा करून पाहा. स्टुडिओच्या शिक्क्यात 'हिंगोली, जि. परभणी' असे असेल, तर तो बहुधा १ मे १९९९ पूर्वीचा. कारण त्या दिवशी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. अर्थात, जुना शिक्का नंतरही वापरला गेला असेल. म्हणून दुसरा पुरावा शोधावा. मागे उर्दू मजकूर असेल, तर तो हैदराबाद संस्थानाच्या काळातील आहे काय, हेही तपासावे. ते संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाले.

पण फोटोतली माणसे कोण, हे कोणतेही रसायन सांगणार नाही. तांड्यावरची फेटिया-कांचळी घातलेली बंजारा आजी, कळमनुरी तालुक्यातले आंध कुटुंब, मुस्लिम शेजाऱ्याच्या घरचे लग्न. यांपैकी अनेकांची नावे कोणत्याच इतिहासाच्या पुस्तकात नाहीत. ती घरातल्या एखाद्याच वृद्धाला ठाऊक असतात. चांदी झिजायला अनेक वर्षे लागतात; नावे मात्र त्या एका माणसाबरोबर एका दिवसात जातात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९९० च्या दशकात निरनिराळ्या समाजांतील कुटुंबांना आपापले अल्बम घेऊन बोलावले, फोटोंच्या प्रती काढल्या आणि मूळ फोटो परत दिले. आपल्याकडे अनुषा यादव यांनी २०१० मध्ये 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. त्यात कुटुंबांचे जुने फोटो त्यांच्या हकिगतींसह जमवले जातात.

हेच काम तुमच्या वर्गालाही करता येईल. घरच्यांची परवानगी घ्या. फोटो कडेला धरा. तो पाण्याने पुसू नका. मोबाइलने सावलीत प्रत काढा. कोण, कोठे, केव्हा, कशासाठी, हे आजीला विचारून वहीत लिहा. फोटोच्या मागे लिहायचेच, तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. मूळ फोटो कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवून परत करा. ज्या घरी एकही फोटो नाही, तेथे शाळेचा गटफोटो किंवा ओळखपत्र शोधा.

फोटो उद्याही पेटीत असेल. आजीला मात्र आजच विचारा.