विंडोजचा खेळ, लिनक्सची संगत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची डागडुजी थांबविली. विंडोज ११ जुन्या यंत्रांना सहसा दारात उभे करीत नाही. त्यामुळे घरोघरचे धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. माझ्या पुतण्याचाही ठरला. बाजारात सल्ला एकच, नवा घ्या. शिकवण्यांवर चालणाऱ्या घरात नवा संगणक म्हणजे दोन-तीन चांगले तानपुरे! यास्तव आम्ही लिनक्स बसविले. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावर सुखाने नांदते. पुतण्याने विचारले, "काका, माझ्या खेळांचं काय?"

प्रश्न रास्त होता. विंडोजसाठी लिहिलेला खेळ पदोपदी विंडोजकडेच मागणे मागतो : ही फाईल उघड, हा आवाज काढ, हे चित्र रंगव. लिनक्सला ती बोली कळत नाही. १९९३ साली सुरू झालेल्या 'वाइन' या प्रकल्पाने त्यावर तोड काढली. वाइन साऱ्या यंत्राचे सोंग आणीत नाही. खेळाची प्रत्येक मागणी ऐकून तो ती लिनक्सकडून पुरी करून घेतो.

इंदूरच्या रसिकांना सारंगीची उपमा पटावी. उस्ताद अमीर खाँचे वडील शहामीर खाँ हे होळकर दरबारचे सारंगीवादक. सारंगिया गवयाचा गळा उसना घेत नाही. गवयाने घेतलेली जागा तो नखाच्या मुळाने तारेवर उमटवितो. पण तान द्रुत झाली की त्याची कसोटी लागते. खेळातील चित्रांचे तसेच आहे. सेकंदाला साठ-साठ चित्रे पुरवावी लागतात. तेथे 'डीएक्सव्हीके' हा भाग उपयोगी पडतो. विंडोजची चित्रांची भाषा तो 'व्हल्कन' या दुसऱ्या भाषेत फिरवितो. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइन आणि हा भाग एकत्र बांधून 'प्रोटॉन' काढले. तेव्हापासून तिच्या स्टीम दुकानातले पुष्कळसे खेळ लिनक्सवर नुसती कळ दाबून सुरू होऊ लागले.

आम्ही प्रथम लावला तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा 'राजी'. असुरांनी पळविलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि तिच्या पाठीशी दुर्गा. सुरुवातीस चित्र जरा अडखळले, मग सुरळीत झाले. माझे लक्ष अर्थातच आवाजाकडे. तो कोठेही चित्रामागे रेंगाळला नाही, याचे मला अधिक कौतुक वाटले.

सर्वच खेळांशी असे जमत नाही. 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही, कारण लबाडी पकडणारा त्याचा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यातच ठाण मांडतो. मला अधिक खटकते ते 'एपेक्स लेजेंड्स'चे. तो पूर्वी चालत असे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लबाडीचे कारण देऊन लिनक्सवाल्यांना दार बंद केले. येथे संगतकार बेसूर झाला नव्हता. त्याला बैठकीतून उठविले गेले. लबाड हुडकावेत हे मान्य, पण दोघा-चौघांपायी साऱ्या सारंगियांना बाहेर काढणारा यजमान आम्ही कधी शहाणा म्हटला नसता.

पुतण्याचे सवंगडी व्हॅलोरंट खेळतात. शनिवारी तो त्यांच्याकडे जातो. एरवी घरी राजी असते, आणि संगणक अद्याप माळ्यावर गेलेला नाही.